थेंब मोजायचे की तळं? कुऱ्हाड न लागलेल्या जंगलातला कार्बन

"म्हातारं जंगल कार्बन शोषत नाही. वाढ थांबली की शोषणंही थांबलं. तेव्हा जुनी झाडं तोडा, लाकूड कामी लावा, त्या जागी तरणीताठी रोपं लावा. हवामानाचंही भलं होईल." हा युक्तिवाद इतका सरळ वाटतो की त्यात गोम कुठे आहे ते पटकन कळत नाही. गंमत म्हणजे त्यातला अर्धा भाग बऱ्यापैकी खरा आहे. फसगत होते ती उरलेल्या अर्ध्यात.

थेंबे थेंबे तळे साचे, असं आपण म्हणतो. जंगलाच्या हिशेबात थेंब वेगळे आणि तळं वेगळं. या वर्षी हवेतून किती कार्बन आत आला, हे थेंब. आजवर एकूण किती साचलाय, हे तळं. वरचा युक्तिवाद फक्त थेंब मोजतो. तळं फोडलं तर काय होतं, हा प्रश्न त्यात येतच नाही.

आधी मुळातली गोष्ट. झाडाचं वजन येतं कुठून? सतराव्या शतकात यान बाप्टिस्ट व्हान हेलमॉन्ट यांनी एका भांड्यात २०० पौंड वाळवलेली माती मोजून भरली आणि वाळुंजाचं रोप लावलं. पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाडाचं वजन १६४ पौंडांनी वाढलं आणि माती कमी झाली जेमतेम दोन औंस. त्यांनी सगळं श्रेय पाण्याला दिलं. हवा त्यांच्या हिशेबातून निसटली आणि खरा माल तर तिथूनच आला होता. पान हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं, त्यातला कार्बन ठेवून घेतं आणि त्याचंच लाकूड होतं. वाळलेल्या लाकडाचं वजन केलं तर साधारण निम्मा कार्बन असतो. एक किलो कार्बन साठवायला हवेतला सुमारे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड लागतो. म्हणजे एक टन सुक्या वजनाचं झाड उभं असेल, तर हवेतला जवळपास १.८ टन वायू तिथे लाकडाच्या रूपात अडकून पडलेला असतो.

हा साठा फक्त खोडात नसतो. मुळांत असतो, उभ्याने वाळलेल्या झाडांत असतो, पडलेल्या ओंडक्यांत, पातेऱ्यात आणि मातीत असतो. उत्तरेकडच्या थंड जंगलांत तर बहुतेक कार्बन जमिनीखाली असतो. वर दिसणारी झाडं हा त्यातला लहान हिस्सा. जंगल म्हणजे झाडांची बेरीज, असं धरून चाललं की पहिलीच चूक होते.

आता 'मोकळं सोडलेलं जंगल' म्हणजे काय ते सांगतो. लाकडासाठी सांभाळलेल्या जंगलात विरळणी होते, ठरावीक वयाला जंगलाचा एकेक आखलेला पट्टा (कूप) तोडला जातो, पडलेलं झाड उचललं जातं, रिकाम्या जागेत हव्या त्या जातीची रोपं लावली जातात. यातलं काहीच जिथे होत नाही, ते मोकळं जंगल. ते शेकडो वर्षं अस्पर्श असू शकतं किंवा तीस वर्षांपूर्वी तोड थांबलेलंही असू शकतं. युरोपात पहिल्या प्रकारची जंगलं किती उरली आहेत याची २०१८ मध्ये यादी झाली, तेव्हा एकूण वनक्षेत्राच्या ०.७ टक्क्यांच्या आसपास भरली.

म्हाताऱ्या जंगलाबद्दलचा समज कुठल्या अडाण्याने पसरवलेला नाही. यूजीन ओडम हे परिसंस्थाशास्त्रातलं मोठं नाव. त्यांनी १९६९ मध्ये मांडलं की जंगल पक्व होत जातं तसं त्याचं उत्पादन आणि श्वसन एकमेकांच्या जवळ येतात आणि शेवटी जमाखर्च जुळतो. जेवढं आत, तेवढं बाहेर. तर्क म्हणून हे चोख आहे. अडचण एवढीच की ते मोजून पाहायची सोय तेव्हा जवळपास नव्हती.

पुढे ती झाली. जंगलाच्या छतावरून वर डोकावणारा मनोरा उभारतात. त्यावरची उपकरणं वाऱ्याचा प्रत्येक झोत वर जातोय की खाली, आणि त्यात कार्बन डायऑक्साइड किती आहे, हे सेकंदाला दहा-वीस वेळा नोंदवतात. दिवसा झाडं ओढून घेतात, रात्री सगळं जंगल श्वास सोडतं. वर्षाची बेरीज केली की शिल्लक कळते. जर्मनीच्या मध्यभागी हाइनिश नावाचं बीच वृक्षांचं जंगल आहे. काही दशकं ते लष्करी सरावाच्या हद्दीत होतं, त्यामुळे तिथे फारशी तोड झाली नाही. तिथली काही झाडं अडीचशे वर्षांची. जुन्या तर्काप्रमाणे शिल्लक शून्याच्या आसपास यायला हवी होती. २००० आणि २००१ मध्ये मनोऱ्याने दाखवलं की हे जंगल वर्षाला हेक्टरी सुमारे ५ टन कार्बन आत घेतंय.

एका जंगलावरून निष्कर्ष काढू नये, बरोबर. २००८ मध्ये सेबास्टियान लायसर्ट आणि सहकाऱ्यांनी १५ ते ८०० वर्षं वयाच्या जंगलांच्या ५१९ नोंदी एकत्र केल्या. बहुतेक ठिकाणी शिल्लक जमेचीच निघाली. दोनशे वर्षांपुढच्या जंगलांसाठी त्यांचा अंदाज होता हेक्टरी वर्षाला २.४ टन. हा निष्कर्ष पुढे इतका गाजला की त्याची दुसरी बाजू बऱ्याच लेखांत येतच नाही. २०२१ मध्ये पेर गुंडरसन आणि इतरांनी त्याच नियतकालिकात, 'नेचर'मध्ये, हरकत घेतली: नोंदींत चुका आहेत आणि एवढा कार्बन लाकडात-मातीत बसवायला जो नायट्रोजन लागेल तो आणायचा कुठून? त्यांच्या मते आकडा बराच खाली यायला हवा. मूळ लेखकांनी उत्तर दिलं, वाद चालू आहे. माझं मत विचाराल तर जुनी जंगलं शून्यावर नाहीत, पण २.४ हा आकडा छातीठोकपणे सांगू नये.

मातीचा एक दाखला मात्र द्यायलाच हवा. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात डिंगहूशान इथे चारशे वर्षांहून जुनं जंगल आहे. १९७९ ते २००३ या काळात तिथल्या वरच्या वीस सेंटीमीटर मातीतला कार्बन १.४ टक्क्यांवरून २.३५ टक्क्यांवर गेला. वर झाडं जुनीच, पण पायाखाली तळं भरत होतं.

एकट्या झाडाचं गणित घरबसल्या करता येतं. एका खोडाचा व्यास २० सेंटीमीटर आहे आणि त्याने यंदा ५ मिलिमीटर रुंदीचं वलय धरलं. दुसऱ्याचा व्यास ८० सेंटीमीटर, म्हातारं, वलय फक्त ३ मिलिमीटर. कापलेल्या बुंध्यावर पाहिलं तर तरुण झाड जोरात वाढतंय असंच वाटेल. पण वलयाचं क्षेत्रफळ काढा: तरुणाचं सुमारे ३२ चौरस सेंटीमीटर, म्हाताऱ्याचं ७६. बारीक वलय, पण घेर केवढा! शिवाय म्हातारं झाड उंचही जास्त, म्हणजे तेच वलय कितीतरी लांबवर चढतं. २०१४ मध्ये ४०३ जातींच्या झाडांच्या मोजणीतून हेच दिसलं: ९७ टक्के जातींत झाड जेवढं मोठं, तेवढी त्याची वजनातली वार्षिक वाढ जास्त.

मग युक्तिवाद साफ खोटा ठरला? थांबा. एक झाड म्हणजे जंगल नव्हे. कोवळ्या जंगलात हेक्टरी हजारो रोपं असतात. वाढता वाढता एकमेकांना सावलीत टाकून बहुतेक मरतात आणि थोडी मोठी उरतात. त्यामुळे हेक्टरचा हिशेब केला तर तरुण जंगलाचा वेग खरंच जास्त निघतो. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत तोडीनंतर किंवा शेती सोडल्यावर आपोआप उगवलेल्या जंगलांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या वीस वर्षांत ती हेक्टरी वर्षाला सुमारे ३ टन कार्बन घेत होती, जुन्या जंगलांच्या अकरा पट. थेंबांच्या शर्यतीत पोरं जिंकतात, यात शंका नाही. पण त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे: जुन्या जंगलाच्या नव्वद टक्के वजनापर्यंत पोचायला त्यांना साधारण ६६ वर्षं लागतात.

इथे तळं समोर येतं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात माउंटन अॅश नावाच्या निलगिरीची थंड, ओली जंगलं आहेत. २००९ मध्ये तिथल्या एका भागात हेक्टरी १,८६७ टन कार्बन मोजला गेला, जिवंत आणि मेलेलं लाकूड मिळून. हे टोकाचं उदाहरण आहे, सरासरी नव्हे. तरी असं तळं एका हंगामात रिकामं करून 'नवी रोपं वेगाने शोषतील' म्हणणं म्हणजे काय, ते साध्या आकड्यांत पाहू. आकडे सोयीसाठी घेतलेत.

एका हेक्टरवर ३०० टन कार्बन उभा आहे. जंगल तसंच ठेवलं तर वर्षाला १ टन वाढतो. तोडलं तर समजा १०० टन टिकाऊ लाकडात गेला, बाकीचे २०० टन फांद्या, मुळं, भुसा, सरपण या वाटांनी हवेत परतले. नवं रोपवन वर्षाला ३ टन घेतं, म्हणजे तिप्पट वेग. शंभर वर्षांनी काय? न तोडलेल्या जंगलात ४०० टन. रोपवनात ३०० टन. आणि ते टिकाऊ लाकूड? आंतरराष्ट्रीय हिशेबात चिरीव लाकडाचं अर्धआयुष्य ३५ वर्षं धरतात, म्हणजे दर ३५ वर्षांनी निम्मं वापराबाहेर. बोर्ड-प्लायचं २५, कागदाचं २. त्या नियमाने १०० टनांतले १४ टन उरतील. एकूण ३१४. तिप्पट वेगाने धावूनही शंभर वर्षांनी ८६ टन मागे. आणि हे रोपवन मधे एकदाही तोडलं नाही असं धरून! अमेरिकेच्या वायव्य भागातल्या जुन्या जंगलांबद्दल मार्क हार्मन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्येच असा हिशेब मांडला होता: जुनं काढून नवं लावलं तर हवेतला कार्बन पुढची कित्येक दशकं वाढतोच.

एक न्याय्य हरकत इथे येते. लाकूड वापरलं म्हणून सिमेंट-पोलाद वाचलं असेल, तर त्याच्या भट्ट्यांतून निघणारा धूरही वाचला. तो हिशेबात धरायला नको? धरायला हवा. पण फायदा ठरतो तो लाकडाने नेमकं काय वाचवलं यावर. दशकानुदशकं टिकणारी तुळई आणि वर्षभरात कचऱ्यात जाणारं खोकं यांना एकाच तागडीत तोलता येत नाही. शिवाय पोलाद आणि सिमेंट जसजसं स्वच्छ पद्धतीने बनेल, तसतसा हा फायदा आटत जाईल. आणि विजेसाठी लाकूड जाळण्याचं समर्थन तर मला पटतच नाही. तेवढ्याच उष्णतेसाठी लाकूड कोळशापेक्षाही जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतं. ते परत झाडात यायला दशकं जातात आणि तोवर हवा तापतच राहते.

मोकळ्या जंगलात पहिल्यांदा शिरणाऱ्याला सगळ्यात जास्त खुपतो तो पसारा. आडवे ओंडके, अर्धवट मोडलेली खोडं. 'किती वाया चाललंय!' असं वाटतं. पण एखाद्या ओंडक्याजवळ उकिडवं बसून पाहा. पडून वर्ष झालेलं खोड टणक असतं, साल घट्ट. काही वर्षांनी साल सुटते आणि तिच्याखाली बुरशीचं पांढरं जाळं दिसतं, सोबत किड्यांनी कोरलेली भुयारं. आणखी काही वर्षांनी लाकडात बोट सहज जातं. आतला भाग ओल्या स्पंजासारखा, मुठीत दाबला तर पाणी निथळतं आणि वर शेवाळात नव्या रोपांची रांग उगवलेली असते. जगभरच्या जंगलांत मेलेल्या लाकडात मिळून सुमारे ७३ अब्ज टन कार्बन आहे, असा २०२१ चा अंदाज आहे. त्यातून वर्षाला १०.९ अब्ज टन बाहेर पडतो आणि त्यात २९ टक्के वाटा किड्यांचा.

दहा अब्ज टन म्हणजे कोळसा-तेल-वायू जाळून वर्षाला जेवढा कार्बन बाहेर पडतो जवळपास तेवढाच. हे वाचून कुणी म्हणेल, मग मेलेली झाडं लवकर उचलून जाळून टाकावीत. पण कुजण्यातून निघणारा कार्बन हा फिरता पैसा आहे. झाड वाढताना घेतलेलाच परत जातो आणि शेजारचं झाड तो पुन्हा घेतं. ओंडका कुजायला थंड प्रदेशात दशकं लागतात. भट्टीत तेच काम तासाभरात होतं. कोट्यवधी वर्षं जमिनीखाली गाडलेला कोळसा मात्र या फिरत्या खात्यात कधी नव्हताच. तो जाळणं म्हणजे खात्यात बाहेरून रक्कम ओतणं.

आता सगळ्यात मोठा प्रश्न. जगातली सगळी जंगलं मोकळी सोडली तर किती कार्बन साठेल?

कार्ल-हाइन्झ एर्ब आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं की आज जगातल्या वनस्पतींत सुमारे ४५० अब्ज टन कार्बन आहे. माणसाने जमीन वापरलीच नसती तर तो ९१६ असता. निम्मं तळं उपसलं गेलंय. यातली मोठी तूट जंगलं साफ केल्यामुळे, हे अपेक्षितच. पण जवळपास तेवढीच, ४२ ते ४७ टक्के तूट, जंगल जंगलच राहिलं तरी त्यातून काढत राहिल्यामुळे आणि चराईमुळे आहे. नकाशावर हिरवं दिसतंय, पण आत पाणी कमी.

म्हणजे भरायला जागा आहे. किती? २०२३ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या एका अभ्यासाने फक्त आज उभ्या असलेल्या जंगलांपुरता हा प्रश्न विचारला. सगळं व्यवस्थापन थांबवलं, तर जमिनीवरच्या भागात ४४ अब्ज टन कार्बनची भर पडू शकते. आजच्या साठ्याच्या पंधरा टक्क्यांच्या आसपास. केवढा मोठा आकडा! आणि तो आपल्या सध्याच्या सुमारे चार वर्षांच्या उत्सर्जनाएवढा आहे. जगातली तोड पूर्ण थांबवायची, झाडांना दशकानुदशकं वाढू द्यायचं आणि हाती लागणार चार वर्षं. लाकूड न वापरता जग चालवायचं कसं हा प्रश्न तर वेगळाच.

हा अभ्यास मोकळ्या जंगलांच्या विरोधात वापरला जातो. मला तो दोन्ही बाजूंना भानावर आणणारा वाटतो. 'जंगलं सोडा, हवामान सुटेल' हे चूक. पण आज असलेला साठा फुटू दिला तर जे बाहेर पडेल ते चार वर्षांपुरतं नसेल. ते त्याच्या कित्येक पट असेल. त्याच वर्षी आलेल्या आणखी एका जागतिक अंदाजात शेती आणि वस्ती वगळून जंगलांत आजच्यापेक्षा आणखी २२६ अब्ज टन कार्बन साठू शकतो असं धरलं होतं. त्यातला ६१ टक्के वाटा नवी झाडं लावून येणारा नव्हता. आहे ती जंगलं राखून, त्यांना म्हातारं होऊ देऊन येणारा होता. रोपं लावण्याचे फोटो छान येतात. जंगल म्हातारं होतानाचा फोटो काढता येत नाही.

तळ्याला भगदाडंही पडतात. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात हिवाळे सौम्य झाले आणि पाइनच्या सालीत राहणारा भुंगेरा थंडीत मरेनासा झाला. २००८ चा हिशेब सांगतो की त्याने एवढी झाडं मारली की कार्बन घेणारं ते जंगल कार्बन सोडणारं झालं. २०२३ च्या वणव्यांत कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर जळालं. अॅमेझॉनच्या ३२१ भूखंडांवरची दीर्घकाळची मोजणी २०१५ मध्ये आली. तिथल्या जंगलाचं शोषणं १९९० च्या दशकापासून घटतंय, कारण झाडं लवकर मरू लागली आहेत. अस्पर्श उष्णकटिबंधीय जंगलं १९९० च्या दशकात माणसाच्या उत्सर्जनापैकी १७ टक्के उचलत होती, २०१० च्या दशकात ६ टक्के.

म्हणून 'हात लावू नका' हा नियम सगळीकडे एकसारखा लागू पडत नाही. ओल्या, क्वचितच पेटणाऱ्या जंगलात तो ठीक आहे. पण कोरड्या जंगलांत, जिथे पूर्वी दर काही वर्षांनी जमिनीलगतची हलकी आग फिरून जायची, तिथे आपणच शंभर वर्षं प्रत्येक ठिणगी विझवत आलो आणि खाली काडीकचरा साचत गेला. आता तिथे अंग काढून घेणं म्हणजे निसर्गावर सोपवणं नव्हे. आपण रचलेलं सरण तसंच ठेवून निघून जाणं आहे. अशा ठिकाणी ठरवून लावलेली छोटी आग किंवा बारीक झाडांची विरळणी थोडा कार्बन आज खर्चून मोठा वाचवू शकते. दुसरी भानगड बाजाराची. एका देशाने तोड थांबवली आणि लाकडाची मागणी तीच राहिली, तर कुऱ्हाड दुसऱ्या देशात पडते. तळं राखलं ते आपलं. उपसलं ते शेजाऱ्याचं.

हे सगळं मोजायचं कसं, यात सध्या मोठी हालचाल आहे. एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय अंतराळ संस्थेने 'बायोमास' नावाचा उपग्रह सोडला. त्याच्या रडारची तरंगलांबी सुमारे ७० सेंटीमीटर. एवढी लांब लहर पानांना, डहाळ्यांना जुमानत नाही. ती छत भेदून आत जाते आणि जाड फांद्या-खोडांवर आपटून परतते, म्हणजे जिथे साठा आहे तिथूनच. आजवर अवकाशातून बहुतेक हिरवा रंग मोजला जायचा. आता लाकूड मोजलं जाईल. मुळं मात्र त्यालाही दिसत नाहीत, मातीतला कार्बन दिसत नाही आणि बोट आत जाईल इतका कुजलेला तो ओंडकाही दिसत नाही. त्यासाठी अजूनही कुणाला तरी टेप आणि वही घेऊन आत चालत जावं लागतं, छातीच्या उंचीवर घेर मोजावा लागतो आणि काही वर्षांनी येऊन तेच झाड पुन्हा शोधावं लागतं.